ब्लॉक विकणे आहे, भाडेकरूसकट

दार उघडलं तेव्हा त्याच्या अर्ध्या गालाला साबण होता.

"पाणी नाही," तो म्हणाला. मी अजून काही विचारलंही नव्हतं. "दुसऱ्या मजल्यावर पाणी चढतच नाही. घर बघायला आलात ना? या, बघा. पण आधी सांगितलेलं बरं."

मग त्याने पाढा सुरू केला. भिंतींना ओल येते. मागच्या मळ्यातून विंचू येतात. खालच्या यशोदाबाई महाभांडकुदळ आहेत. बोलणं मात्र इतकं स्वच्छ, की एकेक अक्षर घासूनपुसून मांडल्यासारखं. हा आवाज मी कुठेतरी ऐकला होता, रोज ऐकत होते... कुठे बरं?

आणि एकदम आठवलं. सीबीएस, नाशिकचा एसटी स्टँड! सकाळी नाशिकरोडहून येऊन सातपूरची बस पकडायला मी स्टँडवर उतरायची, तेव्हा कर्ण्यातून हाच आवाज यायचा. "चांदवडमार्गे मनमाडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." त्या आवाजाला चेहरा असेल हे कधी मनात आलं नव्हतं. असला तर इतका बरा असेल, हे तर नाहीच नाही.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. मी कुमुद जगताप, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. दिवसभर मशीनवरून निघालेले सुटे भाग डोळ्यांखालून घालायचे. चांगल्याला हिरवा ठिपका, वाईटाला लाल, आणि थोडं घासलं तर सुधारेल अशाला पिवळा. दहा वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच बघायला लागतो. वहिनी म्हणायची, वन्सं, पोळीकडे तरी जरा मायेनं बघा.

तर मी त्या घराकडे बघितलं. गॅलरीतल्या दोरीवर दोन शर्ट आणि एक चादर टपटप गळत होती. कुंड्यांतली माती ओली होती. भिंती कोरड्या ठणठणीत.

"पाणी नाही म्हणता," मी म्हटलं, "मग हा साबण कशाने कालवलात?"

त्याचा हात आपोआप गालाकडे गेला.

"तुमचे... मिस्टर कधी येतील बघायला?"

हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला जायचा. त्याचं उत्तर मी पाठच करून ठेवलं होतं. मिस्टर नाहीत. काडीमोड होऊन पाच वर्षं झाली. घर मी घेणार, माझ्या नावावर. आणखी काही?

लोक यावर सहसा खाली बघायचे. याने नाही बघितलं. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने गाल पुसला, आणि कर्ण्यातला आवाज कुठल्या कुठे गेला.

"पानी भरपूर शे," तो हळूच म्हणाला.

सदानंद खैरनार मूळचा सटाण्याकडचा. खोटं बोलताना त्याची भाषा पुस्तकासारखी व्हायची आणि खरं बोलायची वेळ आली की तोंडातून अहिराणी निसटायची, हे मला त्याच दिवशी कळलं. तो इथे चार वर्षं भाड्याने राहत होता. मालक रावजी चांदवडचे कांद्याचे व्यापारी. भाड्याचं सगळं त्यांचा मुलगाच बघायचा, रावजींनी सदानंदला कधी पाहिलंही नव्हतं; मुलगा सुरतेला स्थायिक झाल्यावर त्यांनी ब्लॉक विकायला काढला. आणि सदानंदला दुसरीकडे कोणी जागा देईना. छत्तिशी गाठलेला बिनलग्नाचा माणूस म्हटलं की घरमालक विचारायचे, मंडळी कुठे आहे? मंडळी आणा, मग खोली देतो. म्हणून गिऱ्हाईक आलं की हा त्याला विंचू दाखवायचा.

मला हसू आवरेना. घर विकणाऱ्यांची खोटी बोलणी मी पुष्कळ ऐकली होती. घराची निंदा करणारं खोटं मात्र पहिल्यांदाच ऐकत होते.

खाली आले तर अंगणात थांबवलेली माझी मुलगी रेवती यशोदाबाईंच्या शेजारी मांडी घालून बसली होती. इमारतीला लागून त्यांचा फुलांचा मळा. अंगणात शेवंतीचे ढीग, आणि थंडीच्या उन्हात बाई हार ओवत बसलेल्या. सात वर्षांच्या रेवतीने तेवढ्यात एक लांबच लांब माळ ओवली होती, त्यातली निम्मी फुलं उलटी.

"ऱ्हाऊ द्या उलटी," यशोदाबाई म्हणाल्या. "लय चुणचुणीत हाय पोरगी. हिला ठिवा माज्यापाशी. मी कुटं जाती? दिसभर हितंच सुई आन् दोरा."

आणि मला एकदम भरून आलं. कारण मी घर शोधतच नव्हते. सकाळची शाळा सुटल्यापासून माझी बस येईपर्यंत रेवती कुठे असेल, एवढंच मी शोधत होते. पंचवटीत एक घर बघितलं, तिथे भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती. सिडकोत घरं नवी, पण बसपासून लांब आणि रस्त्याला दिवे नाहीत. सातपूरला कारखान्याचा धूर. सगळ्यांना लाल ठिपका. आणि दिवस तर भराभर चालले होते. आम्ही दोघी नाशिकरोडला दादाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो, आणि दादाची मनमाडला बदली झाली होती. रेवतीची परीक्षा संपली की क्वार्टर सोडायचं. तोवर घर मिळालं नाही तर नोकरी सोडून दादाच्या मागे मनमाड. दादा-वहिनी प्रेमाने ये म्हणत होते, पण रेवतीने एकदा विचारलेलं मी विसरू शकत नव्हते. क्वार्टरच्या भिंतीला चित्र लावू नको म्हटल्यावर ती म्हणाली होती, "आई, आपल्या घरात खिळा ठोकता येतो का?"

तर हे घर पास. दहा वर्षांत इतका ठसठशीत हिरवा ठिपका मी कशालाच दिला नव्हता. फक्त त्या घरात एक माणूस राहत होता, आणि मी घर घेतलं की तो रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर उतरले तर तो कंट्रोलरच्या खोलीतून बाहेर आला. इकडे-तिकडे बघून म्हणाला, की त्याच्या डोक्यात एक कल्पना आहे... ऐकून रागावणार नसाल तर.

कल्पना साधी होती. त्याला खोली मिळाली की मी निर्धास्तपणे ब्लॉक घ्यावा. खोली मिळायला मंडळी हवी. मंडळी दाखवायला एखादी बाई हवी. तेवढ्यापुरतीच. बोलायचंसुद्धा नाही, नुसतं उभं राहायचं.

"आणि मला काय मिळणार?" मी विचारलं.

"रावजींशी बोलायला मी येतो. ते बाईमाणसाशी व्यवहाराचं बोलत नाहीत. मी तुमच्या बाजूला नुसता उभा राहीन. बोला तुम्हीच."

"म्हणजे तुम्ही माझे मिस्टर?"

"फलाटापुरता," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

वास्तविक मी नाहीच म्हणायला हवं होतं. पण त्या लाल कानांना लाल ठिपका देववेना. मी मनातल्या मनात त्याला पिवळा दिला आणि हो म्हटलं.

रावजींकडे तो खरोखरच खांबासारखा उभा राहिला. रावजी त्याच्याकडे बघून किमतीचं बोलायचे, उत्तर मी द्यायची, आणि रावजी पुन्हा त्याच्याकडेच बघून पुढचं विचारायचे. शेवटी वैतागून म्हणाले, तुमच्या तोंडाला कुलूप लावलंय का? तर हा म्हणतो, किल्ली त्यांच्याकडे असते. दोन बैठकांत रावजींनी माझ्याकडे बघायला शिकून घेतलं. कारखान्याच्या सोसायटीचं कर्ज आणि माझ्या पाटल्या मिळून जमत होतं. पाडव्याला ताबा, असं ठरत आलं.

त्याची खोली मात्र जमेना. संक्रांतीनंतरच्या रविवारांना आम्ही नाशिक पालथं घातलं. रविवार कारंजावरून मी एक काळी पोत घेतली होती, ती पर्समधून काढून जिन्यात गळ्यात घालायची आणि खाली उतरल्यावर पुन्हा पर्समध्ये. एका ठिकाणी न्हाणीघर नव्हतं, एका ठिकाणी मालक ज्योतिषी होते आणि पत्रिका मागत होते. घर बघून झालं की रेवतीला पेरू आणि आम्हाला चहा. तो चहा बशीत ओतून फुंकर घालायचा, आणि बशीच्या कडेवरून माझ्याकडे बघायचा. मी बघितलं की लगेच बस बघायचा.

"काय बघता?" मी एकदा विचारलंच.

"पेठला जाणारी गाडी उशिरा धावत आहे," तो म्हणाला.

रस्त्यावर गाडी नव्हतीच.

मग पंचवटीतल्या शकुबाई मिळाल्या. साठीच्या, यजमान गावी शेतीवर म्हणून घरात एकट्या, आणि मागच्या अंगणात एक स्वतंत्र खोली रिकामी. त्यांनी सदानंदला वरपासून खालपर्यंत न्याहाळून मान डोलावली. खोली द्यायचं जवळजवळ ठरलंच. फक्त म्हणाल्या, रथसप्तमीला माझ्याकडे हळदीकुंकू आहे, सूनबाईला घेऊन या. तिथेच किल्ली देते.

मला हळदीकुंकवाला गेल्या तीन-चार वर्षांत कोणी बोलावलं नव्हतं. आधी बोलावणी यायची, ती हळूहळू बंद झाली. कोणी मुद्दाम काही केलं नाही, फक्त ताटातून एक वाटी कमी व्हावी तशी मी कमी झाले. त्या दिवशी शकुबाईंच्या माजघरात बायकांच्या घोळक्यात बसले, अत्तर-गुलाबपाणी झालं, तिळगूळ हातावर पडला. तो आणि रेवती बाहेर ओट्यावर. शकुबाईंनी माझ्या कपाळाला बोटभर कुंकू लावलं, ओटीत हरभरे-बोरं घातली, वाण म्हणून चहाची गाळणी हातात दिली आणि म्हणाल्या, "हं, आता नाव घ्या."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

नाव मला ठाऊक होतं. उखाणाही जुळवता आला असता. 'सदानंदराव' ओठापर्यंत आलं होतं, आणि तेवढ्यात मला कळलं की ते मला खरोखर घ्यावंसं वाटतंय. म्हणूनच खोटं घेता येईना. दुसऱ्या कोणाचं असतं तर खुशाल घेतलं असतं.

मी गळ्यातली पोत काढून हातात घेतली. शकुबाईंना सांगितलं, की आम्ही नवरा-बायको नाही. माझा काडीमोड झालाय. ते एकटे आहेत. एकट्या माणसाला कोणी खोली देत नाही म्हणून आम्ही हे केलं. माणूस चांगला आहे, चूक माझी धरा.

मी गाळणी परत त्यांच्यापुढे ठेवली.

"खोली नाही देणार," त्या म्हणाल्या. "खोटं बोललात म्हणून नव्हे. मलाही शेजारीपाजारी आहेत, उद्या ते मलाच विचारतील. पण दिलेलं वाण मी परत घेत नसते." त्यांनी गाळणी पुन्हा माझ्या हातात कोंबली. "आणि नाव उधार राहिलं तुमचं. कधीतरी येऊन फेडा."

बाहेर आले तर माघात अवकाळी पाऊस सुरू झालेला. आम्ही तिघं एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिलो. मी त्याला आत काय झालं ते सांगितलं. तुमची खोली मी घालवली, म्हटलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो पावसाकडे बघत राहिला.

"मीही ओट्यावर बसून तेच म्हणत होतो," तो म्हणाला, "की तुम्ही नाव घेऊ नये."

"का? इतकं वाईट वाटलं असतं?"

"वाईट नाही... फलाटापुरतं ऐकलं असतं, तर पुढे खरं कधी ऐकायला मिळेल याचीच वाट बघत बसलो असतो."

पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता. माझ्या कपाळावरचं कुंकू ओघळायला लागलं होतं. त्याने रुमाल पुढे केला, मग हात अर्ध्यावर थांबवला.

"गाळणी धरा डोक्यावर," तो म्हणाला.

"तिला भोकं आहेत."

"असू द्या. शकुबाईंची आहे, पाऊस घाबरेल."

मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, मला तुम्हाला एक विचारायचं होतं... पण आत्ता नाही विचारणार.

"का?"

"आत्ता विचारलं तर भाडेकरू विचारतोय असं होईल. जागा जाऊ नये म्हणून."

आणि मी विचारलं असतं तर दया दाखवली असं झालं असतं. घर माझं होणार होतं, आणि नेमकं तेच घर आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभं होतं. पाच वर्षं मी ज्याच्यासाठी जीव टाकला, त्याचाच त्या घडीला मला राग आला. रेवती पेरू खाता खाता म्हणाली, काका, तुम्ही दोघं भांडताय का? आम्ही दोघंही एकदम नाही म्हणालो.

पाडव्याच्या आठवडाभर आधी त्याने ब्लॉक रिकामा केला. स्वतः मागून घोटीच्या स्टँडवर बदली करून घेतली होती. मला भेटायला आला नाही. यशोदाबाईंकडे किल्ली ठेवून गेला. मी दार उघडलं तर फरशी लखलखीत पुसलेली, कुंड्यांना पाणी घातलेलं, आणि न्हाणीत हंडा काठोकाठ भरून ठेवलेला. त्या हंड्याकडे बघून मी रडले. पाणी भरपूर होतं...

स्टँडवर आता दुसराच कोणीतरी पुकारायचा. त्याच्या तोंडी चांदवड आणि मनमाड एकच गाव होऊन जायचं. मी रोज फलाटावर उभी राहायची आणि माझी सातपूरची गाडी दोनदा चुकली, कारण मी ऐकतच नव्हते.

पाडव्याला गुढी उभी राहिली. यशोदाबाईंनी झेंडूचं एवढं मोठं तोरण आणलं की दारच दिसेना. चुलीवर दूध उतू घातलं, दादा-वहिनी जेवले, वहिनीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या गाडीने दोघं मनमाडला गेले. रेवती या खोलीतून त्या खोलीत पळत होती आणि हातातला हातोडा काही खाली ठेवत नव्हती. घर मनासारखं होतं. मीच तेवढी घरात नव्हते.

दिवेलागणीला दारावर थाप पडली.

चार वर्षं ज्या दारातून तो ये-जा करत होता त्याच दाराबाहेर, तोरणाखाली वाकून, चपला काढून तो उभा होता. दोन्ही गाल स्वच्छ. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. आत यायचं नावच घेईना. त्याने खिशातून एक किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

"घोटीला तांदळाच्या गिरणीवरची खोली. गिरणीवाल्याने मंडळीची चौकशी केली नाही. खोलीभर कोंडा उडतो, पण छप्पर पक्कं आहे." त्याने श्वास घेतला. "आता मला राहायला जागा आहे. म्हणून आता विचारतो."

आणि विचारायच्या ऐवजी नुसता उभा राहिला. ज्याच्या आवाजावर अख्खं सीबीएस हलायचं, त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"कागदात काय आहे?" मीच म्हटलं.

त्याने कागद सोडला. लाकडी पाटी होती, त्याने स्वतः रंगवलेली. निळ्यावर पांढरी अक्षरं, त्याच्या बोलण्याइतकीच स्वच्छ. 'कुमुद जगताप'. खाली 'रेवती'. आणि त्याच्याखाली बरीचशी मोकळी जागा.

"इतकी जागा का सोडली?"

"अंदाज चुकला."

"तुमचा? तुमची गाडी मिनिटाने चुकत नाही म्हणतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. या वेळी मी बघितल्यावरही त्याने नजर काढली नाही, बस शोधली नाही.

"मना मनमा तूच शे," तो म्हणाला.

मला अहिराणी येत नाही. पण एवढी आली.

डोळ्यांत पाणी होतं. तरी सवय जात नाही. मी त्याला नीट बघितलं. घामेजलेला शर्ट, बाहीला तांदळाचा कोंडा, लाल कान. कुठेही काही घासायला नको होतं.

"घर माझं आहे," मी म्हटलं. "पाटीवर पहिलं नाव माझंच राहील."

"हो."

"मग तुम्ही राहायला या."

रेवतीने आमच्या मधून हात घालून पाटी ओढून घेतली. खिळा तिनेच ठोकला. जरा तिरका बसला, पण तो मी नापास केला नाही. मग मी चहा टाकला, आणि शकुबाईंची गाळणी पहिल्यांदा बाहेर काढली.

मे महिन्यात लग्न झालं. पुढच्या रथसप्तमीला आम्ही पंचवटीत गेलो, खोली बघायला नव्हे. मीही बायकांच्या घोळक्यात जाऊन बसले. शकुबाईंनी मला ओळखलं, कुंकू लावलं आणि समोर बसून राहिल्या. बाहेर ओट्यावर त्याचं आणि रेवतीचं काहीतरी हसणं चाललं होतं. मी ते थांबायची वाट बघितली, कारण त्याला ऐकू जायला हवं होतं.

"दारावरती माझी पाटी, मळ्याशेजारी माझं घर,
सदानंदराव राहायला आले, भाडेकरू जन्मभर."

बायका खळाळून हसल्या. आणि ओट्यावरून रेवतीचा आवाज आला, "आई, यांचे कान बघ."

शकुबाई म्हणाल्या, फिटली उधारी. त्या वर्षीचं वाण साबणाची डबी होती.